गोवळकोंड्यातला आदाम, कोकणातला अब्राहाम

हैदराबादेत देवळे आहेत, मशिदी आहेत, चर्च आहेत, गुरुद्वारे आहेत, पारशांच्या अग्याऱ्याही आहेत. मुंबई-पुण्यात किंवा कोची-कोलकात्यात आहे तसे नाव घेण्याजोगे सिनेगॉग मात्र नाही. त्यामुळे यहुदी परंपरेतल्या कथांचा विषय निघाला की या शहराचे नाव कुणाच्या तोंडी येत नाही. ते यायला हवे. १६४७ साली, अब्दुल्ला कुतुबशहाच्या गोवळकोंड्याच्या राज्यात, याच हैदराबादेत तोरा या यहुदी धर्मग्रंथाचे सुरुवातीचे काही अध्याय फारसीत लिहून घेतले गेले. सांगणारा होता यहुदी घरात जन्मलेला एक नागडा फकीर, भाषांतर केले होते एका हिंदू तरुणाने आणि लिहून घेणारा होता इराणी वळणाचा एक जिज्ञासू प्रवासी. यहुदी कथा हजारो वर्षे टिकल्या याचे श्रेय आपण एरवी राखणीला देतो: या लोकांनी आपले ते आपल्यापाशी घट्ट धरून ठेवले, बाहेरच्याला हात लावू दिला नाही, म्हणून सारे वाचले. मला हे अर्धेच खरे वाटते. गोवळकोंड्याचा आणि कोकणाचा पुरावा शेजारी शेजारी ठेवला तर दिसते ते असे, की कथा जगल्या त्या शेजाऱ्याच्या भाषेत सांगितल्या गेल्या म्हणून. आणि समाज जगला तो त्या कथांच्या जोडीला रोजचा आचार होता म्हणून. दोहोंपैकी एकच असेल तर काय होते, हेही या दोन ठिकाणी पाहायला मिळते.

आधी या कथांचा स्वभाव पाहू. इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर जाळले. तोवर यहुदी धर्म या मंदिराभोवती, तिथल्या पुरोहितांभोवती आणि बलिदानांभोवती बांधलेला होता. तालमूद या यहुदी धर्मचर्चेच्या ग्रंथात जेरुसलेमला पडलेल्या रोमन वेढ्याची एक कथा येते. वेढा आवळत चाललेला असताना रब्बी योहानान बेन झक्काई यांनी मेल्याचे सोंग घेतले आणि शिष्यांनी त्यांना तिरडीवरून नगराबाहेर नेले. ते थेट रोमन सेनापती व्हेस्पासियनसमोर उभे राहिले आणि तो सम्राट होणार असे भाकीत त्यांनी केले. काय हवे ते माग, असे सेनापती म्हणाला, तेव्हा त्यांनी मंदिर मागितले नाही, राजधानीही मागितली नाही. याव्ने नावाचे एक छोटे गाव आणि तिथली विद्वान मंडळी मागून घेतली. याबद्दल पुढच्या पिढ्यांनी त्यांना बोलही लावला. जेरुसलेमच का मागितले नाही, हा सवाल तालमूदमध्येच नोंदलेला आहे. पण त्या मागणीने धर्माचा मुक्काम दगडी वास्तूतून पाठांतरात हलला. बलिदानाची जागा अध्ययनाने घेतली, पुरोहिताची शिक्षकाने. वल्हांडणाच्या रात्री घरोघर वाचली जाणारी हागादा हे याचे सर्वांत बोलके रूप आहे. तिच्यात मिसरातल्या गुलामगिरीची कथा मुलाच्या प्रश्नांना उत्तर म्हणून सांगायची असते, आणि चार स्वभावांच्या चार मुलांना ती चार तऱ्हांनी सांगायची असते. ऐकणाऱ्याप्रमाणे सांगण्याची रीत बदलायची, हे या परंपरेने स्वतःच नियम म्हणून घालून दिले आहे.

मग ऐकणारा परभाषिक असला तर? या प्रश्नावर यहुदी परंपरेचे मन कायम दुभंगलेले राहिले. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात तोराचे ग्रीक भाषांतर सुरू झाले. त्याविषयी तालमूद कौतुकाने सांगते, की राजाने बहात्तर वडीलधाऱ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवले आणि सर्वांच्या हातून एकसारखाच मजकूर उतरला. उलट ‘सोफरीम’ नावाच्या नंतरच्या एका ग्रंथात म्हटले आहे, की हे भाषांतर झाले तो दिवस इस्राएलला सोन्याच्या वासराच्या दिवसाइतका जड गेला. कारण तोरा दुसऱ्या भाषेत पुरती मावत नाही. दोन्ही मते शेजारी शेजारी जपून ठेवली गेली, आणि व्यवहारात भाषांतरे होतच राहिली. आधी अरामी झाली, मग दहाव्या शतकात सादिया गाओन यांची अरबी; आणि चौदाव्या शतकात शाहीन या यहुदी कवीने मोशेची कथा फिरदौसीच्या शाहनाम्याच्या धाटणीच्या फारसी पद्यात रचली. थोडक्यात, १६४७ मध्ये हैदराबादेत जे घडले ते आगळीक नव्हती. जुन्या रस्त्याचा तो दख्खनपर्यंत आलेला फाटा होता.

आता त्या घटनेकडे वळू. ‘दबिस्तान-ए-मजाहिब’ हा सतराव्या शतकाच्या मध्यावरचा फारसी ग्रंथ आपल्या काळातल्या धर्मपंथांची जंत्री मांडतो. पूर्वी त्याचे कर्तेपण मोहसिन फानीकडे दिले जाई. आता बहुतेक अभ्यासक ते जुल्फिकार अर्दिस्तानी या लेखकाकडे देतात. यहुदी धर्मावर लिहिताना हा लेखक आरंभीच सांगून टाकतो, की यहुद्यांतल्या जाणत्या माणसाशी बोलण्याचा योग मला आला नव्हता, आणि इतरांनी त्यांच्याविषयी लिहून ठेवलेल्यावर माझा भरवसा नव्हता. विरोधकाने केलेले वर्णन पुरावा म्हणून धरायचे नाही, हा त्या काळात सहज न सापडणारा विवेक आहे (आपल्या काळात तरी तो कुठे मुबलक आहे?). हैदराबादेत त्याला सरमद भेटला आणि ती अडचण सुटली. सरमद हा इराणातल्या काशानचा, यहुदी विद्वानांच्या घराण्यातला. तो इस्लाममध्ये आला होता आणि तत्त्वज्ञान शिकला होता. व्यापारासाठी समुद्रमार्गे सिंधमधल्या ठठ्ठ्याला उतरला आणि तिथे अभयचंद नावाच्या हिंदू तरुणावर त्याचा जीव जडला. माल आणि कपडे दोन्ही टाकून तो फकीर झाला. पुढे हे दोघे लाहोरहून दख्खनेत आले. सरमदकडून अभयचंद तोरा शिकला होता. त्याने केलेले, तोराच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकातल्या सुरुवातीच्या अध्यायांचे फारसी भाषांतर दबिस्तानच्या कर्त्याने सरमदसमोर तपासून घेतले आणि आपल्या ग्रंथात घातले.

यावर पहिला आक्षेप सहज सुचतो. आदाम, नूह, इब्राहीम, मूसा, यूसुफ, सुलेमान ही नावे हैदराबादेत आधीपासून घरोघरी होती. कुराणातून, वाझांतून, शायरीतून ती आलेलीच होती. मोहम्मद कुली कुतुबशहाच्या काळात अहमद गुजराती या कवीने दख्खनी भाषेत ‘यूसुफ-जुलेखा’ रचले. मग सरमद आणि अभयचंद यांनी नवे ते काय दिले? आक्षेपातले तथ्य मान्य, निष्कर्ष नाही. फारसी-दख्खनी कवितेतला यूसुफ हा सौंदर्याचा पुतळा आहे. कथेचा सारा भार जुलेखाच्या प्रेमावर आहे आणि शेवटी ती पुन्हा तरुण होऊन त्याला मिळते. तोरातल्या योसेफाच्या कथेत या बाईला नावसुद्धा नाही. तिथे कथेचा गाभा आहे भावाभावांतला मत्सर, विकलेला धाकटा, आणि शेवटी यहुदा या भावाचे बदललेले मन. बन्यामिनाच्या जागी मला गुलाम करून ठेवा, असे तो म्हणतो, आणि ज्या भावाला कधीकाळी त्यानेच विकायला लावले तो भाऊ ते ऐकून रडू आवरू शकत नाही. पश्चात्ताप खरा कशावरून ओळखायचा, यावर यहुदी विचारवंतांनी पुढे जो निकष दिला तो या प्रसंगाशी चपखल जुळतो: तीच परिस्थिती पुन्हा समोर आली आणि माणूस या वेळी वेगळा वागला, तर तो पालटला. आदामाचेही तेच. कुराणात आदामापुढे वाकायला नकार देणारा इब्लीस महत्त्वाचा, तोरात बोलणारा सर्प; भावाचा खून करणाऱ्या काईनाचे नाव तोरात आहे, कुराणात हे दोघे भाऊ निनावी आहेत. ओळखीच्या कथेचे दुसरे रूप मूळ सांगणाऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळणे ही वेगळीच गोष्ट आहे. शेजाऱ्याकडे आपल्याच घरातल्यासारखी कथा आहे आणि तरी ती आपली नाही, हे कळायला तेवढे पुरते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सरमद तर धर्म सोडून गेलेला माणूस. त्याची साक्ष यहुदी परंपरेची साक्ष कशी धरायची? त्यातून तो आपल्या सोयीचेही सांगे. दबिस्तानच्या कर्त्याला त्याने सांगितले, की यहुद्यांत अंग झाकण्याची सक्ती नाही आणि यशया संदेष्टाही उतारवयात उघडाच हिंडत असे. यशयाच्या विसाव्या अध्यायात असा प्रसंग आहे खरा. पण तिथे मिसर आणि कूश या देशांवर येणाऱ्या बंदिवासाची खूण म्हणून तो तीन वर्षे विवस्त्र आणि अनवाणी चालतो. तो नियम नाही, उतारवयातले वैराग्यही नाही. सरमदने आपल्या नग्नतेला आधार म्हणून संदेष्ट्याला साक्षीला बोलावले, हे उघड दिसते. तरी या चुकीतूनच एक गोष्ट सिद्ध होते. फकीर झाला, कलमा वाचला, काशान कायमचे सुटले, आणि तरीही आपल्या सर्वांत जगावेगळ्या वागण्याचे समर्थन करायची वेळ आली तेव्हा त्याच्या हाताशी आली ती लहानपणी ऐकलेल्या संदेष्ट्याची कथा. शिवाय धर्म सोडला म्हणजे किती आणि कसा सोडला, हा प्रश्न त्या काळच्या इराणी यहुद्यांच्या बाबतीत सरळ नाही. काशानच्याच बाबाई बिन लुत्फ याने फारसी पद्यात लिहिलेली बखर शहा अब्बास पहिला ते शहा अब्बास दुसरा या काळातल्या सक्तीच्या धर्मांतरांची आहे. सरमदवर सक्ती झाली असे म्हणायला पुरावा नाही. पण त्याच्या गावाने त्या शतकात वर एक आणि आत एक जगणे पाहिले होते, एवढे ध्यानात ठेवावे.

गोवळकोंड्याच्या या प्रसंगात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो अभयचंद. दबिस्तानमध्ये त्याच्या नावावर एक फारसी द्विपदी आहे; तीत तो स्वतःला कुराण मानणारा, भिक्षू, यहुद्यांचा रब्बी, काफिर आणि मुसलमान असे सारे एका दमात म्हणवून घेतो. हे धर्मसमन्वयाचे गोड चित्र म्हणून सहज खपवता येईल, आणि खपवलेही जाते. म्हणून लगेच दुसरी बाजूही सांगायला हवी. सरमद पुढे दिल्लीला गेला, उपनिषदांचे फारसी भाषांतर करवणाऱ्या दारा शुकोहच्या सहवासात राहिला, आणि दाराच्या पाडावानंतर औरंगजेबाच्या राज्यात १६६०-६१च्या सुमारास त्याचा शिरच्छेद झाला. कारण नग्नतेचे आणि कलमा अर्धाच म्हणण्याचे दाखवले गेले. दाराशी असलेला त्याचा संबंधही दरबार विसरला नव्हता. जामा मशिदीजवळ त्याची कबर आहे. १९१० च्या सुमारास मौलाना अबुल कलाम आझादांनी त्याच्यावर एक ओजस्वी निबंध लिहिला. आणि गोव्यात तर याहून भयानक घडून गेले होते. गार्सिया दा ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य यहुदी आईबापांचा, वरकरणी ख्रिस्ती. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याची ये-जा. भारतीय औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्याची बहीण कातारिना हिला इन्क्विझिशन या चर्चच्या न्यायासनाने १५६९ मध्ये जाळले आणि १५८० मध्ये खुद्द ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून जाळली. जगातली दुर्मीळ झाडे-मुळे नावानिशी सांगणाऱ्या या माणसाला आपल्या आईबापांच्या कथा मात्र मोठ्याने सांगता आल्या नाहीत. तेव्हा भारतात यहुद्यांचा छळ कधीच झाला नाही, हे आपले लाडके वाक्य गोव्याला वगळूनच म्हणावे लागते. राजसत्ता कुणाची आणि कोणत्या मनाची, यावर बरेच ठरत होते.

गोवळकोंड्याच्या कथेला पुढे वारस मिळाला नाही. कोल्लूरच्या हिऱ्यांनी यहुदी व्यापाऱ्यांना इकडे ओढले होते. लंडनहून पोवळी आणि चांदी पाठवायची आणि हिरे न्यायचे, असा त्यांचा व्यवहार इंग्रजांच्या मद्रास ठाण्यातून चाले. १६८८ मध्ये मद्रासची नगरपालिका स्थापन झाली तेव्हा तिच्या सभासदांत यहुदी व्यापारीही होते. पण ही मंडळी व्यापारासाठी आली, मिळवून परत गेली किंवा तिथेच वारली. गोवळकोंड्याच्या मुलखात त्यांचे कुटुंब-कबिल्याचे गाव वसले नाही. त्यामुळे हैदराबादेत राहिले ते कागदावरचे फारसी अध्याय. विसाव्या शतकात यहुदी इतिहासाच्या अंगाने ते पुन्हा वाचले गेले. जर्मनीत जन्मलेला यहुदी अभ्यासक वॉल्टर फिशेल याने मोगलकाळातल्या यहुद्यांवर लिहिताना सरमद-अभयचंदाचा धागा उलगडला, आणि त्याचा तो लेख १९५१ मध्ये हैदराबादच्याच ‘इस्लामिक कल्चर’ या त्रैमासिकात आला. याच नियतकालिकाचे संपादन १९३०च्या दशकात मुहम्मद असद यांनी केले होते. तेही जन्माने यहुदी, रब्बीचे नातू, पूर्वीचे नाव लिओपोल्ड व्हाइस. शहरांचे योगायोग असे गमतीचे असतात. त्यांवरून सिद्धान्त काढायचा मोह मात्र टाळलेला बरा.

कोकणात याच्या नेमके उलटे घडले. तिथे समाज होता, आचार होता, आणि कथा जवळजवळ पुसल्या गेल्या होत्या. बेने इस्राएल या तिथल्या यहुदी समाजाची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे: अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात जोडपी वाचली, ग्रंथ समुद्रात गेले. ते नेमके कधी, यावर वाद आहेत. पण ग्रंथ गेल्यावरही उरले काय, त्याची यादी पक्की आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. मुलाची सुंता ते आठव्या दिवशी करीत. खवले आणि पर असलेलेच मासे खात. आणि ‘शेमा इस्राएल’ ही देवाच्या एकत्वाची एक ओळ जन्म, लग्न, मरण प्रत्येक वेळी म्हणत. सण होते, पण त्यांची नावे मराठी झाली होती: नव्याचा सण, दारफळणीचा सण, बिरड्याचा रोजा. या बिरड्याच्या रोज्याला उपास कशासाठी, तर जेरुसलेमचे मंदिर जळाल्याच्या दुःखासाठी; पण त्या जळण्याची कथा मागे पडून उपासानंतरची कडव्या वालांची उसळ नावापुरती उरली होती. कथा गेली तरी आचार शेकडो वर्षे माणसे एकत्र ठेवू शकतो, याचा याहून ठळक दाखला सापडणे कठीण.

मग कथा परत कशा आल्या? एक प्रसंग आधी सांगतो. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात मुंबईच्या फौजेतला बेने इस्राएल अधिकारी सॅम्युएल एझकिएल दिवेकर म्हैसूरकरांच्या कैदेत सापडला. सांगतात, की कैद्यांची जात विचारली गेली तेव्हा ‘बेने इस्राएल’ हे उत्तर टिपूच्या आईच्या कानी गेले. कुराणात ज्यांचे नाव वारंवार येते ते लोक खरोखरच जगात आहेत हे कळून तिने त्यांच्यासाठी जीवदान मागितले. सुटून आलेल्या दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत मशीद बंदर भागात ‘शाआर हाराहामीम’ म्हणजे दयेचे द्वार हे सिनेगॉग बांधले. आईचा प्रसंग ऐकीव आहे, सिनेगॉग दगडाचे आहे. पण ऐकीव कथासुद्धा लोकांना काय पटत होते ते सांगते: आपली गोष्ट दुसऱ्याच्या ग्रंथात गेली होती, म्हणून आपण परक्याला ओळखू आलो. सरमदचीच गोष्ट वेगळ्या वाटेने पुन्हा भेटते.

पुढचे काम एकोणिसाव्या शतकातल्या छापखान्याने केले, आणि इथे एक अवघड वस्तुस्थिती मान्य करायला हवी. बेने इस्राएलांना हिब्रू शिकवायला आणि तोरा मराठीत द्यायला जे पुढे आले त्यांत कोचीचे धर्मबंधू होते तसेच ख्रिस्ती मिशनरीही होते. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. हेतू धर्मांतराचा होता, तो त्यांनी लपवलाही नाही. धर्मांतरे मात्र मोजकीच झाली. आपली कथा परत द्यायला आलेल्याकडून कथा घ्यायची आणि त्याचा निष्कर्ष घ्यायचा नाही, हे कोकणातल्या तेल्यांना आणि मुंबईतल्या सुतार-शिपायांना जमले. मला याचे कारण त्यांच्या शनिवारात दिसते. पुस्तक नवे होते, पण ते ठेवायला घर जुने होते. १८४६ मध्ये मुंबईत हिब्रू मजकुरासह मराठी हागादा शिळाछापावर निघाली. १८७४ मध्ये पुण्यात निघालेल्या सचित्र हागादात वल्हांडणाची बेखमीर भाकर करणाऱ्या बायका नेसल्या आहेत लुगडी. चित्रकाराने मिसरातून सुटलेल्यांना पुण्याचे केले, असे त्यावर हसता येईल. पण प्रत्येक पिढीने आपणच मिसरातून बाहेर पडलो असे समजावे, असे हागादा सांगते, आणि ते इतके शब्दशः इतर कुठे पाळले गेले असेल असे वाटत नाही.

१८८० नंतर तर बेने इस्राएलांनी थेट कीर्तनच हाती घेतले. बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सोबतच्यांनी अब्राहाम, योसेफ, मोशे, एस्तेर यांची आख्याने मराठी चालींत रचली; उभे राहून, साथसंगतीने, निरूपण करीत ती सादर होऊ लागली. हेही काळाला धरूनच होते. त्याच मराठी मुलखात ख्रिस्ती कीर्तनेही होत होती आणि सत्यशोधकांचे जलसे पुढे येणार होते. ज्याला चार माणसांना काही पटवायचे असे, तो त्या काळी आख्यानाकडे वळे. आता तिसरा आक्षेप. हरिदासाचा साज चढवला की अब्राहाम हरिश्चंद्र व्हायला किती वेळ लागतो? मुलाच्या बलिदानाला सिद्ध झालेला बाप आपल्याकडच्या श्रोत्याला चिलयाच्या आईबापांची, श्रियाळ-चांगुणेची, आठवण करून देणारच. भीती खोटी नाही. पण दोन कथा जिथे फुटतात तिथेच त्यांचा अर्थ असतो. श्रियाळ-चांगुणेच्या कथेत बाळ खरेच कांडले जाते आणि मग परत मिळते; कसोटी पूर्ण होते. मोरिया डोंगरावर सुरी उचललेल्या हाताला देवाचा दूत थांबवतो आणि झुडपात अडकलेला एडका दिसतो. कसोटी अपुरीच ठेवणे हाच तिथला निर्णय आहे. नरबलीच्या प्रथेचा हा धिक्कार आहे, असे अनेक यहुदी भाष्यकारांनी म्हटले. बापाने वाद का घातला नाही, असेही प्रश्न विचारले गेले, कारण सदोम नगरासाठी तोच अब्राहाम देवाशी घासाघीस करतो. चिलयाची कथा पाठ असलेल्या मराठी श्रोत्यालाच हा फरक सर्वांत चांगला कळणार. ओळखीच्या साच्यात घातल्याने कथेचा वेगळेपणा बुजतो हे गृहीत धरले जाते. इथे साच्यामुळेच तो उठून दिसतो.

कीर्तनाने बेने इस्राएलांना हिंदू केले नाही, हे पुढच्या इतिहासाने दाखवलेच. १९४८ च्या सुमारास भारतात त्यांची संख्या वीस हजारांच्या घरात होती. नंतर बहुतेक इस्राएलला गेले. तिथे त्यांच्यावर उलटाच संशय आला. तिथल्या रब्बिनेटने, म्हणजे रब्बींच्या धर्मपीठाने, १९६० नंतर त्यांच्या लग्नांच्या वेळी वंशशुद्धीचे पुरावे मागायला सुरुवात केली. कोकणात घटस्फोट आणि विधवाविवाह यांचे यहुदी नियम पाळले गेले होते का, असा प्रश्न होता. १९६२ पासून निदर्शने झाली, १९६४ मध्ये ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे सरकारी पातळीवर मान्य झाले. म्हणजे ज्यांनी शेजाऱ्याची भाषा घेतली त्यांच्यावर संशय घेतला तो शेजाऱ्याने नव्हे, स्वकीयांनी. त्या लोकांनी तिथेही ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालवले, आणि एलियाहू हन्नाबीच्या नावाने पोहे, ओले खोबरे, साखर, फळे यांचा मलिदा करणे सोडले नाही. अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा उमटल्या आहेत, अशी त्यांची श्रद्धा. स्वर्गात रथातून गेलेला संदेष्टा उतरला तो कोकणात. इकडे महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा राज्यात ते जेमतेम काही हजार उरले होते.

हैदराबादच्या वाचकाला या सगळ्याची आणखी एक परीक्षा जवळच चालू असलेली दिसेल. आंध्रात गुंटूर भागातल्या कोत्तारेड्डीपालेम या गावात ‘बेने एफ्राईम’ म्हणवणारी, मादिगा समाजातून आलेली, पूर्वी बाप्टिस्ट असलेली काही कुटुंबे गेली तीन-चार दशके यहुदी धर्म पाळतात. आपण इस्राएलच्या हरवलेल्या वंशांपैकी आहोत असे त्यांचे सांगणे. युलिया एगोरोव्हा आणि शाहिद परवेझ या मानववंशशास्त्राच्या अभ्यासकांनी त्यांच्यावर २०१३ मध्ये पुस्तक लिहिले. वंशाच्या दाव्याला ऐतिहासिक पुरावा नाही, असे म्हणून हा विषय बाजूला सारता येईल. पण क्रम पाहा. यांच्याकडे कथा आधी आली, तीही मिशनऱ्यांच्या तेलुगू बायबलमधून. गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांची ती कथा गावकुसाबाहेरच्या माणसांना आपली वाटली. आणि आचार त्यांनी नंतर, ठरवून, स्वतःवर घेतला: शनिवार, सुंता, वल्हांडण, हिब्रूचे धडे. सरमदच्या हैदराबादेत कथा होती आणि घर नव्हते, नवगावच्या किनाऱ्यावर घर होते आणि कथा नव्हती. इथे कथा आल्यावर माणसे घर बांधायला निघाली आहेत. इस्राएलच्या धर्मपीठांनी त्यांना अजून आपले म्हटलेले नाही. त्यांच्या नातवंडांच्या घरी वल्हांडणाच्या रात्री हागादातले चार प्रश्न तेलुगूत विचारले जातात की नाही, हे पाहायला आणखी दोन पिढ्या थांबावे लागेल.